गाडी लागते का?

सातारा रोड, तिसरा मजला, खाट अकरा.
ठकूबाई मरगळे, वय अठ्ठावन्न,
पित्ताशयात खडे, उद्या सकाळी पहिला नंबर.
मी भूल देणारी. आदल्या संध्याकाळी येते,
दात हलतात का पाहते, मान मागे करायला सांगते,
आणि मग तो प्रश्न,
जो ऐकून त्यांचा मुलगा हसतो:
गाडी लागते का तुम्हाला?

"लागती म्हंजे?
नसरापूर सुटलं की मी डोळं मिटती.
कात्रजचा घाट आला की पिशवी उघडी.
वेल्ह्याच्या एस्टीत कंडक्टर मला बघूनच
खिडकी मोकळी करतोय."

कागदावर एक खूण.
बाई आहेत, म्हणून अजून एक.
विडी ओढता?
"विडी? न्हाई बया. मिश्री तेवढी."
तिसरी. न ओढण्याचाही इथे दंड पडतो,
हिशोब मी मांडलेला नाही.
उद्या दुखू नये म्हणून अफूच्या नात्यातलं काही द्यावं लागेल,
ती चौथी.
चारांपैकी चार.
मला शाळेत असे गुण कधी पडले नाहीत.

मुलगा चहाला खाली गेल्यावर
त्या आवाज उतरवतात.
धाकटा झाल्यावर कॅम्पात ऑपरेशन झालेलं,
शाळेच्या वर्गात, फरशीवर रांगेनं बायका.
रात्रभर ओकत होत्या,
एका हातानं टाके धरून,
दुसरा हात शेजारणीच्या पाठीवर, तीही ओकत होती.
"मरायचं भ्या न्हाई डाक्टर.
ओकायचं हाय."
म्हणून तीन वर्षं खडे पोटात बाळगले.
सोनोग्राफीच्या कागदाची घडी
फाटेपर्यंत घातली.

ओकारी होणारच, ट्रे ठेवा उशाशी,
असं आमचे सर म्हणायचे.
मीही म्हटलंय, कितीदा, कुणाकुणाला,
हातमोजे काढता काढता.

निघताना त्या पदर धरतात. म्हणजे, माझा कोट.
"एक करशील? एस्टीत मी बुडाखाली पेपर घेती.
थोडं कमी व्हतं.
उद्या घालशील?"

सकाळी टेबलावर
बांगड्यांवर चिकटपट्टी, पायांत मोजे,
साखर पाहिली, बरी आहे.
वासाची भूल बंद, सगळी शिरेतूनच,
दुधासारखं पांढरं औषध, थेंब थेंब मोजून.
डोळे मिटल्यावर एक इंजेक्शन आधीच,
दुसरं शेवटाकडे, सर्जन टाके घालत असताना.
सलाईन हात राखून नाही.
चारही भोकांच्या कडेला बधिर करणारं,
म्हणजे अफूची नातलग कमीच बोलवावी लागेल.
एवढंच माझ्या हातात.
बाकी घाट ज्याचा त्याला.

आणि हो,
बाहेरच्या ट्रॉलीच्या गादीखाली, चादरीला न लागेल असा,
कालच्या पेपरचा एक दुमडलेला पानाचा तुकडा.
निर्मला सिस्टर माझ्याकडे बघत राहिली.
मी काहीच बोलले नाही.

सव्वाअकरा. ओठ हलतात.
मी उशाशी, ट्रे माझ्या हातात, वाट बघत.
ट्रॉली वळणावर हळू घ्या, मामा,
धक्का नको, मान एकदम उचलू नका.
साडेअकरा.
बारा.
"ठकूबाई, मळमळतंय का?"
त्या बराच वेळ छताकडे बघतात,
जणू कुणी खांबावरचे मैलाचे दगड लिहून ठेवलेत तिथे.
"घाट कवा गेला?"
गेला.
"कळलंच न्हाई."

मग हात गादीखाली घालून चाचपतात.
कागद लागतो.
"बघ," मुलाला सांगतात, घसा अजून कोरडा,
"म्या म्हटलं व्हतं ना, पेपरानं व्हतं."
मुलगा माझ्याकडे बघतो.
मी मान डोलावते, होय होय,
आणि रिकामा ट्रे सिस्टरकडे देते.
ती त्यात पुढच्या पेशंटच्या
चिकटपट्ट्या ठेवते.